दुपारी एकचं ऊन आणि नवरा-नवरीचे फोटो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. दोन सीझन तुम्ही नाशिकमध्ये लग्नं शूट करताय. जवळ क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, त्यासोबत आलेली किट लेन्स, ५० एमएम एफ/१.८ लेन्स आणि एक स्पीडलाइट, म्हणजे छोटा फ्लॅश आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात संभाजीनगर रोडच्या एका लॉनवर लग्न आहे, मुहूर्त साडेबाराचा. घरच्यांचं म्हणणं, जोडीचे फोटो पंगतीला बसायच्या आधी, म्हणजे एकच्या सुमारास, हिरवळीवर घ्या. मागच्या लग्नात अशाच उन्हात एक तर नवरीचा चेहरा काळा पडला, नाही तर नवरदेवाची पांढरी शेरवानी जळून नुसता पांढरा डाग उरला. म्हणून तुम्ही विचारताय की मॅन्युअलवर नेमकं कोणतं सेटिंग ठेवायचं, फ्लॅश घ्यायचा की रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा पडदा), आणि पुढची खरेदी ८५ एमएम लेन्सची करायची का. शिवाय एका सीनियरने सांगितलंय की सगळं दोन स्टॉप अंडर, म्हणजे गडद घे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि नंतर लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उचल, म्हणजे उजळ कर, तर तेही बरोबर आहे का.

आकडे देणार आहे, पण ते जरा पुढे येतील. कारण तुमचा चेहरा आणि शेरवानी यांचं भांडण सेटिंगने मिटणारं नाही. डोक्यावरच्या कडक उन्हात कपाळ, नाकाचा शेंडा आणि शेरवानीचे खांदे यांच्यावर थेट ऊन असतं, आणि डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली सावली. या दोन्हींत सहज तीन स्टॉपचा फरक असतो. त्यात शेरवानीचं कापड मुळातच त्वचेपेक्षा दोनेक स्टॉप उजळ. तुम्ही शटर वाढवलं की दोन्ही गडद होतात, कमी केलं की दोन्ही उजळतात, मधलं अंतर तेवढंच राहतं. म्हणजे मागच्या वेळी सेटिंग चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या जागेवर, त्या उजेडात बरोबर सेटिंग नव्हतंच. आधी अंतर कमी करायचं. ते जागा बदलून, जोडी वळवून, वरचं ऊन अडवून किंवा समोरून उजेड घालून होतं. ते झालं की एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा, हा दोन मिनिटांचा मामला आहे.

आता आपल्या गावचं ऊन. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या आसपास जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो, आणि २०-२१ मेच्या सुमारास तर काठीची सावली काठीच्या बुडाशीच पडते. डिसेंबरमध्ये तोच सूर्य भर दुपारीही ४६-४७ अंशांपर्यंतच चढतो आणि दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून डिसेंबरच्या लग्नात दुपारी साडेबाराला घेतलेले फोटो बरे येतात आणि मेमध्ये तीच जागा, तीच वेळ, तेच सेटिंग घेऊन डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. मेमध्ये डिसेंबरच्या दुपारसारखा कोन मिळायला साडेतीन-पावणेचार वाजावे लागतात. घड्याळापेक्षा सोपी खूण म्हणजे स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीएवढी झाली की ऊन ४५ अंशांवर आलं. सावली पायाशी गोळा झालेली असेल तर त्या उन्हात चेहरा उभा करू नका.

याचा आणखी एक परिणाम आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. डिसेंबरमध्ये कुठल्याही इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीलगत दिवसभर छान सावली असते. मेच्या दुपारी भिंतीला सावलीच नसते, चारही बाजूंनी ऊन भिंतीच्या पायापर्यंत येतं. त्यामुळे मेमध्ये भिंत शोधण्यात वेळ घालवू नका, छप्पर शोधा. हॉलचा पोर्च, वधूपक्षाच्या खोल्यांपुढचा व्हरांडा, प्रवेशद्वाराची कमान, भटारखान्याच्या बाजूची पत्र्याची शेड, यांपैकी काहीतरी जवळपास प्रत्येक लॉनवर असतं.

छपराखाली जोडीला आत खोल उभं करू नका. सावलीच्या कडेपासून एक-दोन फूट आत, तोंड बाहेर मोकळ्या आकाशाकडे, अशी उभी करा. तुम्ही बाहेर. वरचं ऊन छपराने अडवलं, आणि समोरून अख्खं मोकळं आकाश एका मोठ्या सॉफ्टबॉक्सचं, म्हणजे मऊ उजेड देणाऱ्या पेटीचं काम करतं. डोळ्यांत उजेडाचा ठिपका येतो, खोबणी भरतात, नथीची लांब सावली ओठांवर पडत नाही, मुंडावळ्यांच्या सरींचे पट्टे गालांवर उमटत नाहीत. मागे व्हरांड्याचा आतला भाग येतो, तो आपोआप गडद राहतो आणि पांढरी शेरवानी त्यावर उठून दिसते. आत रचलेल्या खुर्च्या आणि पाण्याचे जार मात्र हलवायला सांगा. तिथूनच दोन पावलं आत नेलं तर उजेड झपाट्याने कमी होतो आणि चेहरे सपाट दिसू लागतात. दोन पावलं बाहेर आणलं तर डोक्यावर ऊन येतं. या पट्ट्यात जोडीला अर्धा फूट पुढे-मागे करून बघा, चेहरा बदलताना डोळ्यांना दिसतो. मी कॅमेरा हातात घ्यायच्या आधी हेच करते.

समोर जमीन कसली आहे तेही बघा. फरशी, सिमेंट किंवा फिकट मुरूम असेल तर त्यावरचं ऊन उसळून खालून चेहऱ्यावर येतं आणि हनुवटीखालचा भाग उजळतो. समोर लॉन असेल तर उसळणारा उजेड हिरवट असतो, आणि हनुवटी, गळा, शेरवानीची खालची बाजू यांवर ती छटा येते. गव्हाळ रंगावर ती आजारी दिसते. उपाय साधा आहे. डेकोरेटरकडून पांढरं कापड किंवा खोलीतली चादर मागून घ्या आणि फ्रेमच्या बाहेर, जोडीच्या पुढे हिरवळीवर अंथरा. हिरवा उजेड थांबतो आणि त्याच्या जागी पांढरा मिळतो.

रंगाचंच बोलतेय तर मंडपाच्या छताबद्दल. मेमध्ये लॉनवर हिरवी शेडनेट किंवा रंगीत कापड टांगलेलं असतं. त्याच्या खाली सावली छान वाटते, पण उजेड त्या कापडातून गाळून येतो. गुलाबी छताखाली सगळे गुलाबी, हिरव्या जाळीखाली सगळे हिरवे. पूर्ण चेहऱ्यावर एकच छटा असेल तर व्हाइट बॅलन्सने (रंगछटा दुरुस्त करणाऱ्या सेटिंगने) बरंचसं सुधारतं. खरा त्रास कडेला उभं असताना होतो. एका गालावर गुलाबी, दुसऱ्यावर आकाशाचा निळसर उजेड. हे मिश्रण कुठल्याही स्लायडरने नीट सुटत नाही, माणूस माणूस मास्क करत बसावं लागतं. रंगीत छताखाली जोडीचे पोर्ट्रेट शक्यतो घेऊच नका. पांढरं छत असेल तर मात्र ती लॉनवरची सगळ्यात चांगली जागा असू शकते.

झाडांबाबत माझी पसंती ठरलेली आहे. आंबा आणि वड यांची सावली दाट असते. कडुनिंब, चिंच आणि गुलमोहर यांची पानं बारीक, त्यामुळे खाली कवडसे पडतात. मेमध्ये गुलमोहर फुललेला असतो आणि घरचे हमखास म्हणतात, त्याच्याखाली घ्या. गुलमोहर मागे ठेवा, जोडीला त्याच्याखाली उभं करू नका. चेहऱ्यावरचा एक कवडसा बाजूच्या त्वचेपेक्षा तीन स्टॉप उजळ असू शकतो, आणि तो नाकावर पडला तर फोटो गेलाच. नाइलाज असेल तर मदतनिसाला रिफ्लेक्टरची अपारदर्शक बाजू डोक्यावर, फ्रेमच्या जरा बाहेर धरायला लावा. कवडसे बंद होतात, बाकी उजेड तसाच राहतो. द्राक्षबागेत प्री-वेडिंग करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मांडवाखालची सावली हिरवट आणि कवडशांची असते. शिवाय एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडी पडते आणि मेच्या सुरुवातीला तर नुसती कोवळी फूट असते, त्यामुळे भरलेल्या पानांचे फोटो हवे असतील तर बागायतदाराला विचारून डिसेंबर ते फेब्रुवारीतली तारीख घ्यावी.

आता घरच्यांचा हट्ट असेल की हिरवळीवरच हवे, तर काय. बहुतेक जण सांगतात, जोडीची पाठ सूर्याकडे करा. सकाळ-संध्याकाळ आणि डिसेंबरच्या दुपारी ते एकदम बरोबर आहे. केसांना, फेट्याला, पदराला कडेने सोनेरी रेघ मिळते आणि चेहरा सावलीत एकसारखा राहतो. पण मेच्या एक वाजता सूर्याला पाठ करता येत नाही, तो डोक्यावर आहे. तिथे वरूनच अडवावं लागतं. पाच-इन-वन रिफ्लेक्टरच्या (एकातच पाच प्रकारचे पडदे असलेल्या) आतला पांढरा अर्धपारदर्शक पडदा दोघांनी धरून जोडीच्या डोक्यावर आडवा न्या. ४२ इंची पडदा एका माणसाला पुरतो, दोघांना कमी पडतो, म्हणून मोठा घ्या किंवा दोघांना डोकं टेकवून उभं करा. पडद्याने उजेड एक-दीड स्टॉप खाली येतो, म्हणजे मागचं सगळं चेहऱ्याच्या मानाने तेवढंच उजळ दिसणार. मागे पांढरा मंडप किंवा आकाश असेल तर ते जळणारच. मागे नुसतं गवत ठेवा. उन्हातलं हिरवं गवत कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या मध्यम करड्याच्या आसपास असतं, एक-दीड स्टॉप वर गेलं तरी जळत नाही. त्यासाठी खुर्चीवर उभ्या राहा किंवा पायरीवर, आणि किंचित वरून खाली बघत फ्रेम करा, म्हणजे क्षितिजच येत नाही.

कडक ऊन टाकाऊ असतं असं मात्र मला वाटत नाही. येवल्याच्या पैठणीची जर, मेंदीचे हात, हिरवा चुडा, फेट्याचा तुरा, यांना असंच ऊन हवं. पदर उन्हात धरून तिरपा करा, जर पेटते. चेहऱ्याचे फोटो छपराखाली घ्या आणि त्याच दहा मिनिटांत हातांचे, पदराचे, पाठमोऱ्या जोडीचे फोटो उन्हात घ्या. चेहरा लहान येणारे लांबचे फोटोही उन्हात चालतात. अल्बममध्ये दोन्ही शेजारी आले की पान भरल्यासारखं वाटतं.

आकडे. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) वर १/१०० सेकंद शटर हा जुना नियम आजही लागू पडतो. त्याचंच एफ/२.८ ला १/३२०० होतं. तुमच्या कॅमेऱ्याची कमाल मर्यादा १/४००० असेल तर एफ/१.८ ला जागाच उरत नाही, उन्हात एफ/१.८ लावून फोटो जळण्याचं हेही एक कारण असतं. मोकळ्या आकाशाकडे तोंड असलेल्या सावलीत उजेड साधारण अडीच-तीन स्टॉप कमी असतो, म्हणजे आयएसओ १०० ला एफ/२.८ वर १/५००, किंवा एफ/४ वर १/२५०. दाट झाडाखाली आणखी एक स्टॉप कमी. पाठीवर ऊन आणि समोर उजळ फरशी असेल तर १/५०० च्या जागी १/८०० पासून सुरुवात करा. दोघं एका रेषेत नसतील तर एफ/४ घ्या, एफ/२.८ ला जवळून एकाचे डोळे मऊ होतात. हे सुरुवातीचे आकडे आहेत. छप्पर किती खोल, समोर फरशी की गवत, आकाशात धूळ किंवा ढग आहे का, यावर स्टॉपभर इकडे-तिकडे होणारच.

मीटरवर विसंबताना एक लक्षात ठेवा. मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, तो सगळं मध्यम करडं करायला बघतो. फ्रेममध्ये पांढरी शेरवानी जास्त आली की तो अंडर करतो आणि नवरी काळी पडते. मागे गडद व्हरांडा जास्त आला की ओव्हर करतो आणि शेरवानी जळते. तुमच्याकडे जे दोन वेगवेगळे प्रकार झाले ते बहुधा असेच, फ्रेम बदलली आणि मीटर बदलला. म्हणून मॅन्युअल हा तुमचा विचार बरोबर आहे. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणारी पद्धत) लावा, जोडी जिथे उभी राहणार तिथे तुमचा तळहात चेहऱ्याच्या दिशेने धरा, त्यावर मीटर करा आणि मीटरच्या आकड्यापेक्षा एक स्टॉप उघडा. कुणाचाही चेहरा कितीही गोरा-सावळा असला तरी तळहातांत त्यामानाने फरक कमी असतो, त्यामुळे हा आधार सगळीकडे चालतो. एकदा ठरलं की त्या जागेवरून जोडी हलेपर्यंत आकडे हलवू नका.

उन्हात मागच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. बाहेरच्या झगमगाटात तो काळाच दिसतो, आणि माणूस नकळत एक्स्पोजर वाढवत जातो. हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) बघा, आणि तोही लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा. एकत्रित हिस्टोग्राममध्ये सगळं ठीक दिसतं आणि लाल शालू, भगवा फेटा किंवा हळदीचं पिवळं यांचा लाल चॅनल गुपचूप कडेला जाऊन आदळलेला असतो. मग शालूचं विणकाम जातं, लाल रंगाचा एक सपाट तुकडा उरतो. असं दिसलं तर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली या. जरीवरचे किंवा दागिन्यांवरचे चमकणारे ठिपके जळाले तर काळजी करू नका, ते जळायलाच हवेत.

तुमच्या सीनियरच्या सल्ल्याबद्दल. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये शूट करत असाल तर जळालेलं परत येत नाही आणि सावल्या बऱ्याच उचलता येतात, इथवर त्यांचं बरोबर. पण दोन स्टॉप सरसकट अंडर घेण्याच्या मी विरोधात आहे. आपल्याकडची गव्हाळ-सावळी त्वचा दोन स्टॉप खालून वर ओढली की मातकट होते, तिच्यातली ऊब जाते आणि गालांवर रंगाचे चट्टे येतात. क्रॉप सेन्सरवर ते लवकर दिसतं. माझी मर्यादा एक स्टॉपची आहे. शेरवानीचं विणकाम वाचवायला चेहरा एक स्टॉप खाली गेला तर चालेल. त्याहून जास्त लागत असेल तर मी जागा बदलते. आणि तुम्ही जेपीईजीमध्ये शूट करत असाल तर हा सल्ला मुळीच घेऊ नका.

त्वचेच्या रंगाचा विषय निघालाच आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. लग्नात कुणीतरी कानाशी येऊन सांगतं, ‘जरा गोरी दिसेल असं करा हं.’ एक्स्पोजर वाढवून चेहरा पांढुरका करणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग आहे. गालाचा आकार जातो, कुंकू फिकट होतं, मुलगी स्वतःसारखी दिसत नाही. सावळा चेहरा तजेलदार दिसतो तो मोठ्या, मऊ, बाजूने येणाऱ्या उजेडात, आणि त्वचेवर जी हलकी चकाकी येते तिच्यामुळे. ती चकाकी टिकवा. जोडीतल्या दोघांच्या वर्णात फरक असेल तर सावळ्या व्यक्तीला उजेडाच्या बाजूला उभं करा, मोकळ्या कडेजवळ किंवा रिफ्लेक्टरजवळ. अर्धा-पाऊण स्टॉपचा फरक तिथेच भरून निघतो आणि एडिटिंगमध्ये कुणाचाच चेहरा वेगळा ओढावा लागत नाही.

फ्लॅश की रिफ्लेक्टर, हे मदतीला कोण आहे यावर ठरतं. रिफ्लेक्टर धरायला समजदार माणूस लागतो. चंदेरी बाजू मेच्या उन्हात डोळ्यांवर मारली तर नवरी डोळेच उघडू शकत नाही, पाणी येतं, काजळ पसरतं. पांढरी बाजू घ्या. गुडघ्यापाशी धरून खालून वर मारू नका, चेहरा भुतासारखा उजळतो. डोळ्यांच्या उंचीवर, बाजूने, थोडा तिरपा धरायला सांगा. वारा असेल तर रिफ्लेक्टर विसरा, मेच्या दुपारी लॉनवर वावटळ उठायला वेळ लागत नाही.

फ्लॅशचं गणित जागेवर अवलंबून आहे. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा शटरचा कमाल वेग, १/२०० ते १/२५० च्या आसपास असतो. भर उन्हात आयएसओ १०० ला १/२०० ठेवलं तर ॲपर्चर एफ/११ येतं. त्या एफ/११ ला तुमचा छोटा स्पीडलाइट छत्रीतून पूर्ण ताकदीवरही धापा टाकतो, दोन फोटोंमध्ये थांबावं लागतं आणि गरम होऊन बंद पडतो. हाय-स्पीड सिंकने शटर वाढवता येतं पण ताकद आणखी कमी होते. आता हीच जोडी सावलीत घ्या. एफ/४, १/२५०, आयएसओ १००, म्हणजे तुम्ही सिंकच्या जवळच आहात. सिंक १/२०० चा असेल तर एफ/४.५ करा. आता तोच स्पीडलाइट छत्रीतून, दीड-दोन मीटरवरून, सोळाव्या हिश्शाच्या आसपास पुरतो. लगेच भरतो, तापत नाही. सावलीत गेल्याने चेहरा सुधारतोच, पण तुमच्याकडचं छोटं सामानही तिथे पुरेसं होतं. फ्लॅश कॅमेऱ्यावर नको, स्टँडवर बाजूला ठेवा, आणि सावलीतल्या उजेडापेक्षा एक स्टॉप कमी ठेवा, म्हणजे फ्लॅश मारलाय हे कळत नाही, फक्त डोळे जिवंत होतात. कमी पडला तर ताकद वाढवायच्या आधी स्टँड जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, म्हणजे दोन स्टॉप वाढतो.

थोडक्यात क्रम असा: छप्पर, त्याची कड, समोर पांढरं, मग तळहातावर मीटर, आणि शेवटी गरज वाटली तर फ्लॅश.

हे सगळं खरं, तरी मे महिन्यात याहून मोठा फायदा वेळ बदलण्यात आहे. मेच्या मध्यावर नाशिकला सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. पावणेसहा ते पावणेसात या तासात सूर्य वीस अंशांच्या खाली असतो, आणि तेव्हा जोडीची पाठ खरोखर सूर्याकडे करता येते. मात्र मेमध्ये सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेकडे मावळतो, डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे. त्यामुळे डिसेंबरच्या लग्नात पाहून ठेवलेली जागा मेमध्ये तशीच मिळेल असं धरू नका. संध्याकाळपर्यंत कुटुंब लॉनवर थांबणार का, हे पाठवणी किती वाजता आणि गाव किती लांब यावर आहे. सिन्नर-निफाडची वरात असेल तर थोडा वेळ काढतात, धुळे-जळगावकडची असेल तर दोनला गाड्या लागलेल्या असतात. हे नवरदेवाला विचारू नका, त्याला काही ठाऊक नसतं. वधूच्या मामांना किंवा कार्यक्रम ज्यांच्या हातात आहे त्या काकांना आठवडाभर आधी फोन करा आणि सांगा, ‘काका, दुपारी दहा मिनिटं व्हरांड्यात द्या आणि संध्याकाळी वीस मिनिटं लॉनवर द्या.’ नेमके मिनिटं सांगितले की लोक देतात. नुसतं ‘फोटोला वेळ ठेवा’ म्हटलं की कुणी देत नाही.

आणि दुपारची ती दहा मिनिटं म्हणजे दहाच. शालू, दागिने, मुंडावळ्या घालून ती मुलगी सकाळपासून उभी आहे, बऱ्याचदा उपाशी आहे. फ्रेम, मीटर, फ्लॅश हे सगळं मदतनिसाला तिच्या जागी उभं करून आधीच ठरवा, मग तिला बोलवा. पाणी जवळ ठेवा. घामाची चमक टिश्यूने टिपा, पुसू नका, मेकअप निघतो. डोळे मिटमिटत असतील तर दोघांना डोळे मिटायला सांगा, तीन म्हटल्यावर उघडायला सांगा आणि तेव्हाच क्लिक करा.

८५ एमएमबद्दल. आता घेऊ नका. क्रॉप सेन्सरवर तुमची ५० एमएम आधीच ७५-८० एमएमसारखी चालते, म्हणजे पोर्ट्रेटची लेन्स तुमच्याकडे आहे. ८५ तिथे १३० च्या आसपास जाईल, पोर्चमध्ये मागे सरकायला जागा उरणार नाही आणि उन्हाचा प्रश्न तसाच राहील. त्या पैशांतल्या थोड्याच भागात वायरलेस ट्रिगर, एक स्टँड, पांढरी छत्री आणि मोठा पाच-इन-वन रिफ्लेक्टर येतो. स्टँडला वाळूची पिशवी बांधा, वाऱ्याने छत्री पाहुण्यांवर पडलेली मी पाहिली आहे.

शक्य असेल तर लग्नाच्या आधी एकदा दुपारी एकलाच त्या लॉनवर जाऊन या, सकाळी जाऊन उपयोग नाही. कुणाला तरी पांढरा शर्ट घालून बरोबर न्या, पोर्चच्या कडेला उभं करा आणि वरचे आकडे लावून बघा. निघताना डेकोरेटरला फोन करून एवढं विचारा की छताला आणि पोर्चला कुठल्या रंगाचं कापड लावणार आहे. पोर्चला गुलाबी लावणार म्हणाला, तर तेवढा भाग पांढरा ठेवायला त्याला त्याच फोनवर सांगा, कारण लग्नाच्या सकाळी ते कापड उतरवायला कुणी तयार होत नाही.